धर्मासाठी नापास

कॅनडातल्या किचनर शहरातल्या त्या घरात मी दोन वर्षं बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले. त्या दोन वर्षांत घरमालकांना मोटरसायकल चालवताना मी फार तर पंचवीस वेळा पाहिलं असेल. मोटरसायकलीबद्दल बोलताना मात्र रोज पाहिलं. जेवताना, बर्फ उपसताना, फर्नेसचा फिल्टर बदलताना, आणि एकदा तर एका मयताहून परत येताना गाडीत. गेलेला माणूस चांगला होता, पण कार्ब्युरेटरमधलं त्याला काही कळत नसे, असं त्यांचं मत पडलं.

घरमालकांना मी अंकल म्हणे, त्यांच्या बायकोला आंटी. अंकल वसईचे. पंचावन्नच्या आसपासचे, कारचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचाच त्यांना पगार मिळे. आंटी वृद्धांच्या केअर होममध्ये सकाळच्या शिफ्टला जात. मुलगी लग्न होऊन लांब हॅलिफॅक्सला. मी नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, एकटी. खोली बघायला गेले तेव्हा अंकलनी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मांस-मच्छी विचारली नाही. एवढंच म्हणाले, "नोव्हेंबर टु एप्रिल बॅटरी तुझ्या रूममध्ये राहील. ओके?" मला वाटलं टॉर्चची असेल. ओके म्हटलं.

नोव्हेंबरात ती आली. मोटरसायकलची चांगली वीतभर बॅटरी, तिला चार्जर, चार्जरला हिरवा दिवा. ती माझ्या पलंगाशेजारी एका पाटावर विराजमान झाली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अंकल दार वाजवत, खाली येत, तिच्याकडे वाकून बघत आणि "छान झोपलीय" असं म्हणून वर जात. त्या हिवाळ्यात मी सलग तीन आठवडे तापाने आजारी होते, त्याची चौकशी मात्र आंटींनी केली.

मोटरसायकल जपानी होती, सेकंडहँड, काळी. तिचा हिवाळा गॅरेजमध्ये जाई. टाकीत पेट्रोल नासू नये म्हणून औषध, चाकांखाली कार्पेटचे तुकडे, अंगावर वसईहून आणलेली गोधडी. आणि आंटींची कार बाहेर ड्राइव्हवेवर, उघड्यावर. पहाटे सव्वापाचला आंटी काचेवरचा बर्फ खरवडायच्या, तो आवाज हाच माझा त्या घरातला गजर होता. मी एकदा अंकलना विचारलं की कार आत आणि बाइक बाहेर असं का नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आंटींना आत आणि देवाला बाहेर ठेवायला सांगितलं. "बाय, कारला हीटर असतो," ते म्हणाले.

जानेवारीत उणे वीसमध्ये ते कधीकधी गॅरेजमध्ये जाऊन गोधडी बाजूला करत आणि बाइकवर नुसते बसत. हेल्मेट घालून. मी कचऱ्याचा डबा ठेवायला गेले असताना हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं आणि काही बोलावं की नाही ते समजेना. त्यांनी काच वर करून सांगितलं की सस्पेन्शनला माणसाची सवय राहावी लागते.

एप्रिल आला की सगळी कॉलनी विंटर टायर उतरवायची आणि अंकल रस्त्यांचं निरीक्षण सुरू करायचे. बर्फ वितळला तरी मीठ आणि वाळू असते. ती धुऊन जायला तीन पाऊस लागतात, दोन नाहीत. तिसरा पाऊस झाला की रविवारी वसईच्या आपल्या चर्चमधून आणलेलं आशीर्वादित पाणी बाइकवर शिंपडलं जाई. मग नेसणं सुरू होई. नेसणंच म्हणायला हवं, कारण त्याला चाळीस मिनिटं लागत. गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, बूट, पाठीचं कवच, त्यावर लेदरचं जॅकेट. जॅकेटची चेन पोटाशी येऊन थांबे. मग अंकल श्वास रोखून धरत आणि आंटी दोन्ही हातांनी चेन वर ओढत. त्यानंतर तीन मराठी मित्र आपापल्या बाइक घेऊन येत आणि चौघे मिळून पंधरा किलोमीटरवरच्या एका गावात कॉफी प्यायला जात. कॉफी पिऊन परत येत. याला ते रायडिंग म्हणत.

कॅनडात बाइकवाले समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला डावा हात जरा खाली करून सलाम करतात. अंकलना या देशाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा हात. नागरिकत्वाची शपथ घेताना ते भरून आले नव्हते, पण पांढऱ्या दाढीचा एखादा गोरा बाइकवाला हात दाखवून गेला की त्यांचा दिवस सार्थकी लागायचा. ते स्वतः तर सगळ्यांनाच हात करत, स्कूटरवाल्यांना, सायकलवाल्यांना, आमच्या भागातल्या घोडागाडीवाल्या मेनोनाइट पंथाच्या म्हाताऱ्यांनाही. फेब्रुवारीत एकदा कार चालवताना सवयीने बर्फ सारणाऱ्या ट्रकलाही हात केला होता. ट्रकवाल्याने थांबून काय हवंय म्हणून विचारलं.

पण अंकलची खरी कीर्ती होती ती त्यांच्या तत्त्वांसाठी. मराठी मंडळाच्या पिकनिकला तरुण पोरं त्यांच्याभोवती जमत आणि ते सांगत. रायडरने बिअरला हात लावू नये, एक घोटही नाही. खरा रायडर हायवेला जात नाही, हायवे ट्रकवाल्यांसाठी, आपली मजा आतल्या रस्त्यांवर. सूर्य मावळायच्या आत बाइक घरी यायला हवी, कारण संधिप्रकाश डोळ्यांना फसवतो. आणि मागे कोणाला बसवायचं नाही. बाइक हे एकांताचं वाहन आहे. हे शेवटचं ते इंग्रजीत सांगत आणि जरा वेळ डोळे मिटत. त्यांचे मित्र चारशे एक नंबरच्या हायवेवरून टोरंटोकडे जाऊ या म्हणून किती वेळा मागे लागले, पण अंकल ढळले नाहीत. असा माणूस विरळा, असं एका बाईंनी माझ्यासमोर आंटींना सांगितलं. आंटी म्हणाल्या, "हो, विरळाच."

आता माझ्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझं भारतातलं लायसन्स इथे फार दिवस चालणार नव्हतं, म्हणून कारच्या लेखी परीक्षेसाठी मी एका मंगळवारी रजा काढून लायसन्सच्या ऑफिसात गेले. रांग मोठी होती. माझ्या पुढे सहा माणसं सोडून एक ओळखीची पाठ दिसली. अंकल त्या दिवशी डेंटिस्टकडे जाणार असं सकाळीच घरात जाहीर झालं होतं. मी हाक मारली. त्यांनी ऐकलं, पण वळले नाहीत. उलट रुमाल काढून गालाला लावला, दाढ दुखत असल्यासारखा.

काउंटरवरच्या मुलीने मात्र घोळ केला. ती त्यांना बघून खुदकन हसली आणि मोठ्याने म्हणाली, "बॅक अगेन? सेम वन?"

सेम वन म्हणजे मोटरसायकलीचं शिकाऊ लायसन्स. आमच्या प्रांतात ते लेखी परीक्षा देऊन मिळतं आणि नव्वद दिवस चालतं. तेवढ्यात रस्त्यावरची परीक्षा द्यायची किंवा कोर्स करायचा, नाहीतर पुन्हा लेखीपासून सुरुवात. अंकल एका सीझनला दोनदा लेखी देत. एकदा एप्रिलच्या शेवटी, एकदा ऑगस्टच्या तोंडाला. त्या दिवशीची आठवी खेप होती. वसईत वीस वर्षं फटफटी चालवलेला हा माणूस कॅनडात चौथा उन्हाळा शिकाऊ होता.

भिंतीवर शिकाऊंचे नियम चिकटवलेले होते. रांग हलेना म्हणून मी ते वाचले. रक्तात दारूचा थेंब चालणार नाही. चारशेच्या मालिकेतल्या हायवेंवर जायचं नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात बाइक रस्त्यावरून बाहेर. मागे कोणाला बसवायचं नाही. अंकलचं सगळं तत्त्वज्ञान सरकारने छापून भिंतीला लावलं होतं. मला हसू आवरेना, तर मागचा पंजाबी मुलगा विचारू लागला की ताई, बरं वाटत नाही का.

परीक्षेला आम्ही शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर होतो. अंकल सात मिनिटांत उठले, पैकीच्या पैकी. जाताना माझ्या पडद्यावर नजर टाकून पुटपुटले, "तेरावा चुकलाय." चुकला होता खरा.

नंतर त्यांनी मला कॉफीला नेलं, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालायला. आणि रस्त्यावरची परीक्षा का देत नाही ते सांगितलं. पहिल्याच उन्हाळ्यात दिली होती. ऑफिसभोवतालच्या रस्त्यांवरून फेरी मारायची, परीक्षक फुटपाथवर वही घेऊन उभी, त्यांच्या मुलीच्या वयाची. फेरी उत्तम चालली होती. तिसऱ्या वळणावर चर्च लागलं. अंकल जन्मापासून चर्चपुढून जाताना क्रुसाची खूण करत आले आहेत. पायी असोत, बसमध्ये असोत, फटफटीवर असोत, उजवा हात उठतोच. तो उठला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. उजव्याच हातात अॅक्सिलरेटर असल्यामुळे बाइक रस्त्याच्या मधोमध मंदावली आणि मागची स्कूलबस करकचून थांबली. परीक्षक पोरीने जागेवर नापास केलं.

"मला धर्मासाठी नापास केलं, बाय," अंकल म्हणाले. त्यांच्या आवाजात हुतात्म्याचं समाधान होतं.

मी म्हटलं, अंकल, मनातल्या मनात खूण करायची. त्यांना ते पटलं नाही. मनातली खूण म्हणजे मनातलं जेवण. मग म्हटलं, एकदा न करता जा, परीक्षा झाल्यावर चर्चमध्ये जाऊन माफी मागा. यावर ते म्हणाले की तू बौद्ध आहेस, तुला नाही कळायचं. मला एवढं कळलं की देवाचं नाव पुढे होतं आणि मागे एका पोरीच्या हातून पुन्हा नापास होण्याची भीती होती. कोर्स करा म्हटलं तर, "मला कोण शिकवणार?" असं विचारलं. शपथ मी घेतली. मला वाटलं, यात कोणाचं काय जातंय.

कोणाचं जात होतं ते डिसेंबरात कळलं. हिवाळ्यात आंटी शिफ्ट संपल्यावर मॉलमध्ये चालायला जायच्या. बाहेर घसरायची भीती, म्हणून इथली वयस्कर माणसं बंद दुकानांपुढून, उघड्या दुकानांपुढून नुसत्या फेऱ्या मारतात. एका शनिवारी मी सोबत गेले. चार फेऱ्या झाल्यावर मी बसू या म्हटलं, तर त्या म्हणाल्या अजून चार राहिल्या. एवढं कशासाठी, मी विचारलं. आंटी आधी लाजल्या. मग चालता चालताच सांगितलं.

लग्नानंतर वसईला अंकल त्यांना फटफटीवर मागे बसवून रोज संध्याकाळी समुद्रावर न्यायचे. कॅनडात येऊन दोघं कामाला लागली, शिफ्टा उलटसुलट, एका टेबलाशी जेवण व्हायचं ते रविवारी. बाइक घेतली तेव्हा आंटींना वाटलं, आता पुन्हा ते दिवस येतील. पहिल्याच रविवारी त्या नवी पँट घालून ड्राइव्हवेवर आल्या. अंकलनी त्यांच्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि म्हणाले की तुझं वजन सस्पेन्शनला झेपणार नाही. त्यांचे मित्र तिथे होते. आंटीही सगळ्यांबरोबर हसल्या.

"पुन्हा विचारलं नाही मी," आंटी म्हणाल्या. "सहा केजी कमी झालेत. अजून किती झाले म्हणजे चालतील, हे पण विचारायची लाज वाटते."

मी त्या उरलेल्या चार फेऱ्या कशा मारल्या मला माहीत नाही. चार हिवाळे ही बाई स्वतःच्या शरीराची लाज घेऊन फेऱ्या मारत होती, आणि कारण काय, तर नवऱ्याच्या पाकिटात शिकाऊ लायसन्स होतं आणि शिकाऊला मागे कोणी बसवायची परवानगी नव्हती.

घरी येऊन मी अंकलना गॅरेजमध्ये गाठलं. ते गोधडी झटकत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, आजच्या आज आंटींना खरं सांगा. त्यांचा चेहरा उतरला, हे मी मान्य करते. पण पाचच मिनिटांत त्यांना बाजू सापडली.

"बघ बाय, चालण्याने तिची शुगर खाली आलीय. नुकसान काय झालं?"

इतका राग मला माझ्या मॅनेजरचाही कधी आला नव्हता. मी म्हटलं, तिसरा पाऊस पडेपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. शपथ गेली खड्ड्यात.

अंकलनी सांगितलं नाही. त्यांनी दुसरा उद्योग आरंभला. दर शनिवारी कार काढून ते आजूबाजूच्या गावांतली लायसन्सची ऑफिसं बघायला जाऊ लागले, ज्याच्या भोवताली चर्च नाही असं एखादं सापडावं म्हणून. वहीत नकाशे काढले, चर्चांना लाल टिंब. ऑन्टॅरिओत कोपऱ्याकोपऱ्यावर चर्च आहे. जुन्या वस्त्यांत दोन-दोन आहेत. एक ऑफिस निष्कलंक मिळालं, तर पुढच्या महिन्यात कळलं की तिथे मोटरसायकलीची परीक्षाच होत नाही. हे सगळं मला ते मोठ्या उत्साहाने दाखवत. मी आपल्याच बाजूची आहे असा त्यांचा समज कायम होता.

तिसरा पाऊस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पडला. दुसऱ्या दिवशी अंकल कारखान्यात असताना मी वर गेले. आंटी बोंबील साफ करत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. लेखी परीक्षा, नव्वद दिवस, चर्च, स्कूलबस, सगळं. आंटींचा हात थांबला नाही. सगळे बोंबील साफ करून, हात धुऊन, पुसून त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे माझ्या वजनाचं काहीच नव्हतं?"

"नव्हतं आंटी."

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील. जरा वेळाने त्यांनी विचारलं की तो कोर्स कुठे असतो.

कॉलेजात असतो, शनिवार-रविवार, बाइक कॉलेजचीच, हेल्मेटही. आंटींनी अंकलच्या ड्रॉवरमधलं लेखी परीक्षेचं पुस्तक काढून केअर होमच्या ब्रेकमध्ये वाचलं. एक प्रश्न चुकला, पास झाल्या. मग घरी ओव्हरटाइम सांगून दोन दिवसांचा कोर्स केला. मीच सोडायला-आणायला होते. बारा जणांत त्या सगळ्यात मोठ्या, बाकी सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी दोनदा बाइक आडवी केली. मी म्हटलं, आंटी, राहू दे. त्या म्हणाल्या, "केअर होममध्ये मी नव्वद किलोचे म्हातारे उचलते. ही काय." दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये प्लास्टिकच्या शंकूंमधून परीक्षा झाली. तिथे दूरवर एकही चर्च नव्हतं. आंटी पास झाल्या, म्हणजे आता नवऱ्याच्या एक पायरी वर होत्या, मागे कोणालाही बसवायला मोकळ्या.

जूनमधला रविवार. मिस्साहून आल्यावर अंकलचं नेसणं चालू होतं. चेनची वेळ आली आणि त्यांनी आंटींना हाक मारली. आंटी आल्या त्या जीन्स, बूट आणि माझं विंटरचं जाड जॅकेट घालून. त्यांनी चेन ओढली नाही. लायसन्स काढून अंकलच्या हातात दिलं. अंकलनी ते हात लांब करून वाचलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. क्वालिटी इन्स्पेक्टरला खोट सापडली नाही.

"चार वर्षं मी रात्रीचा भात खाल्ला नाही," आंटी म्हणाल्या. "तुझ्या मित्रांसमोर हसले मी त्या दिवशी. तू सांगितलं असतंस तर मी थांबले असते रे. मला काय घाई होती?"

अंकल काहीतरी बोलायला गेले. चर्चचं असावं. पण आंटींनी हात पुढे केला होता, किल्लीसाठी, आणि तो खाली घेतला नाही. अंकलनी किल्ली दिली. बाइकची किल्ली दुसऱ्या कोणाच्या हातात जायची ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात तिघे मित्र आले. आता सगळं उघडं पडणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण आंटींनी त्यांना सांगितलं की ह्याची आज पाठ धरलीय, मी येते कॉफीला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि वाट करून दिली. आंटी निघाल्या. कोपऱ्यावरच्या स्टॉपला नीट पाय टेकवून थांबल्या, दोन्ही खांद्यांवरून मागे बघितलं आणि वळल्या. अंकल गुडघ्याच्या पॅडांसकट ड्राइव्हवेवर उभे होते. एक तास दहा मिनिटं तिथेच होते. मी आत बोलावलं तर ऐकू आलं नसल्यासारखं केलं. मला त्यांची दया आली, पण थोडीच.

आंटी परतल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते आणि केस हेल्मेटने चपट बसले होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी बाइक आत नीट लावली. अंकल मागोमाग गॅरेजमध्ये गेले, गोधडीची घडी उगाच पुन्हा घातली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "नेक्स्ट संडेला मी मागे बसतो. तुला चालत असेल तर."

आंटींनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग सीटकडे पाहिलं.

"आधी सहा केजी कमी कर," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन कुकर लावला.

सप्टेंबरात मला मिल्टनजवळ दुसरी नोकरी लागली आणि मी ते घर सोडलं. तोवर अंकल रोज संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, कॉलनीला पायी चार फेऱ्या मारत होते आणि त्यांचे दोन किलो कमी झाले होते.